सोल मासा आणि त्याचा पाहुणा

परोपजीवी प्राणी म्हटला कीं आपल्या मनांत प्रथम तिरस्कार उत्पन्न होतो. दुसऱ्याच्या ताटांतलें खाऊन जगणारा, कष्टांवांचून पोट भरणारा, आळशी आणि कृतघ्न अशी त्याची मूर्ति आपण मनाशीं करून ठेविलेली असते. मनुष्यसमाजांतील अशा लोकांस आपण बांडगूळ म्हणतों. परंतु सृष्टींतील परोपजीवी प्राण्यांचें जीवन खरोखरच असें आयतें व सुखाचें असतें काय, ह्याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही समुद्रांतील एका माशाच्या अंगावर राहणाऱ्या लहानशा चपट्या किड्याची हकीकत सांगणार आहों. ती वाचल्यावर ह्या प्रश्नाचें उत्तर वाचकांनीं आपल्या मनाशींच द्यावें. ह्या हकीकतीला एक व्यावहारिक बाजूहि आहे. ज्या किड्यामुळें समुद्रांतील माशाचें फारसें कांहीं बिघडत नाहीं, त्याचेच भाऊबंद मनुष्यानें कोंडून ठेविलेल्या माशांचा जीव घेतात. असें कां व्हावें, हेंहि आपणांस पाहावयाचें आहे.

ह्या किड्याचा यजमान म्हणजे युरोपांतील सोल मासा. ब्रिटन, फ्रान्स, हॉलंड वगैरे देशांच्या किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रांत व भूमध्य समुद्रांत तो सांपडतो, आणि खाण्यास रुचकर म्हणून त्याला मोठा मान आहे. लॅटिन भाषेंत 'सोलिया' म्हणजे वहाण. माशाचें अंग वहाणेसारखें चपटें व लांबट असल्यामुळें त्यास हें नांव मिळालें. आपल्या कोंकणांत ज्याला लेपा आणि गोव्याकडे लेपो म्हणतात, तो मासा ह्याच चपट्या माशांच्या गणांतला आहे. मात्र लेप्याचे दोन्ही डोळे डाव्या बाजूस असतात, आणि सोलचे उजव्या बाजूस. अगदीं लहानपणीं सोल इतर माशांप्रमाणेंच सरळ पोहतो व त्याला दोहों बाजूंस एकेक डोळा असतो. पुढें डावा डोळा हळूहळू सरकत उजव्या बाजूस येतो, आणि मासा डाव्या कुशीवर पडून राहूं लागतो. म्हणून त्याची वरची बाजू वाळूच्या रंगाची, तर खालची पांढरी असते. दिवसा तो वाळूंत अंग पुरून स्वस्थ पडतो. रात्र झाली म्हणजे बाहेर निघून तळावरचे किडे, लहान कोळंब्या वगैरे भक्ष्य शोधीत फिरतो. माशाची ही दिनचर्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण पुढील बहुतेक सर्व हकीकत तिच्यावरच अवलंबून आहे.

सोलच्या खालच्या पांढऱ्या त्वचेवर जो किडा राहतो त्याचें शास्त्रीय नांव एंटोब्डेला सोलिई. बेल्जममधील लूव्हें येथील प्राध्यापक व्हान बेनेडेन आणि त्यांचे फ्रेंच सहकारी हेस ह्या दोघांनीं इ. स. १८६३ च्या सुमारास त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. ग्रीक भाषेंत 'ब्डेला' म्हणजे जळू. आणि ह्या दोघां पंडितांच्या ग्रंथांत जळवा व समुद्रांतील चपटे किडे ह्यांचें वर्णन एकत्रच आलेलें आहे. वस्तुतः जळवेशीं ह्या किड्याचें नातें दूरचें आहे. मेंढ्यांच्या यकृतांत होणारे यकृतकृमि व माणसाच्या आंतड्यांतले पट्टकृमि ज्या चपट्या कृमींच्या संघांत मोडतात, त्याच संघांतला हा आहे. परंतु यकृतकृमीला आपलें आयुष्य पुरें करण्यास आधीं गोगलगाय व मग मेंढी असे दोन यजमान लागतात. आमच्या किड्याला एकच यजमान पुरतो. मात्र तो एक न मिळाल्यास त्याला दुसरा थारा नाहीं.

पूर्ण वाढलेला किडा सुमारें अर्धा सेंटिमीटर लांब, पानासारखा पातळ व जवळजवळ पारदर्शक असतो. पांढऱ्या त्वचेवर तो सहज दृष्टीस पडत नाहीं. त्याच्या शरीराच्या मागील टोंकास एक वाटोळी बशी असते, आणि तिनें तो माशाला चिकटून राहतो. ही बशी म्हणजे केवळ चोषणी नव्हे. तिच्या मध्यभागीं मोठ्या आंकड्यांच्या जोड्या असतात, आणि कडेनें चौदा बारीक आंकडे असतात. अंगांतील स्नायूंपासून निघालेल्या बळकट शिरा बशींतील कठीण दांड्यांपर्यंत जातात. स्नायु आंखडले म्हणजे ह्या शिरा ताणल्या जातात, बशीचा मधला भाग वर उचलला जातो व खालीं पोकळी होऊन बशी घट्ट बसते. विहिरीवरील रहाटाचा दोर ओढला असतां जशी शक्ति एका जागेहून दुसऱ्या जागीं पोंचते, तशांतलाच हा प्रकार आहे. मासा वाळूंत शिरतो, वाळूंतून निघतो, दगडांना अंग घासतो. तरी पाहुणा जागचा हालत नाहीं.

पण त्याला जागा सोडतां येत नाहीं असें नाहीं. त्याच्या डोक्याकडे दोन चिकट गाद्या असतात. चालावयाचें झालें म्हणजे तो अंग लांब करून ह्या गाद्या पुढें टेकवितो, मग मागची बशी सोडवून ती जवळ ओढून घेतो. आणि बशी पुन्हा बसली कीं पुढच्या गाद्या तत्काळ सुटतात. पावसाळ्यांत जळू कशी चालते हें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस ही चाल लगेच ध्यानांत येईल. त्या गाद्यांचा चिकटा ओल्या व बुळबुळीत त्वचेवर क्षणांत धरतो आणि क्षणांत सुटतो, हें विशेष होय. आपल्याकडील कोणताहि गोंद पाण्याखालीं असें काम करणार नाहीं.

आतां त्याचें अन्न पाहूं. हा किडा जळवेप्रमाणें रक्त पीत नाहीं. आपला घसा बाहेर काढून तो माशाच्या त्वचेवर टेकवितो, त्यांतून पाचक रस सोडतो, आणि त्वचेचा अगदीं वरचा पातळ थर विरघळवून शोषून घेतो. त्याखालचें जाड कातडें तो सहसा फोडीत नाहीं. माशाच्या त्वचेचा हा वरचा थर लवकर भरून येतो. तेव्हां अंगावर दोनचार किडे असले, तर एकीकडे ते चरतात व दुसरीकडे कुरण पुन्हा उगवतें असा क्रम चालू राहतो. यजमान मेला तर पाहुण्याचाहि अंत. म्हणून ही बेताची भूक उभयतांच्या हिताची आहे.

त्याच्या निवासस्थानांत एक अडचण मात्र मोठी आहे. वाळूंत पुरलेल्या माशाच्या अंगाखालीं पाणी खेळत नाहीं, आणि प्राणवायूचा पुरवठा कमी पडतो. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ ग्रॅहॅम कर्न ह्यांनीं आपल्या संशोधनाचा पुष्कळ काळ ह्या एका किड्यास वाहिला. इ. स. १९६२ मध्यें त्यांनीं असें दाखविलें कीं, हा किडा बशीनें माशाला धरून बाकीचें अंग लाटेसारखें सारखें हालवीत असतो. पाण्यांतील प्राणवायु कमी झाला म्हणजे हें हालणें वाढतें. ह्यायोगें त्याच्या अंगाभोंवतालचें पाणी बदलत राहतें. किड्याला फुप्फुस नाहीं, कल्ले नाहींत. सर्वांगाची पातळ त्वचा हेंच त्याचें श्वसनेंद्रिय, आणि स्वतःचें अंग हाच त्याचा पंखा.

येथवरचें वर्णन ऐकून कोणी म्हणेल कीं, जागा मिळाली, अन्न मिळालें, हवाहि मिळाली. मग त्याला उणें काय? उणें आहे तें त्याच्या संततीला. प्रत्येक किडा नर व मादी दोन्ही असतो, आणि तो एकामागून एक अंडीं घालीत असतो. अंड्याचा आकार चार त्रिकोणी बाजूंच्या लहानशा पेटीसारखा असून त्याला एक लांब देंठ असतो. देंठावर चिकट थेंब असतात, आणि त्यांच्या योगें अंडें तळावरील वाळूच्या कणांस चिकटतें. मासा तर रात्रीं तेथून निघून जातो. पाण्याच्या उष्णतामानाप्रमाणें तीनचार आठवड्यांनीं कमीअधिक काळानें अंडें फुटतें, तेव्हां आंतील पिलाला नवा यजमान शोधावा लागतो. अंड्यावर आईची दृष्टि नाहीं, जवळ अन्न नाहीं, आणि समुद्र तर अफाट.

हें पिलूं सुमारें पाव मिलिमीटर लांब, म्हणजे नुसत्या डोळ्यांस केवळ एका ठिपक्याएवढें दिसतें. त्याच्या अंगावर हालणाऱ्या बारीक केसांचे पट्टे असतात, आणि त्यांच्या साहाय्यानें तें पोहतें. त्याला चार डोळे असतात. त्यांनीं आकृति दिसत नसली तरी उजेड कोणीकडून येतो हें समजतें. तें एका सेकंदांत सुमारें अर्धा सेंटिमीटर जातें. स्वतःच्या लांबीच्या मानानें हा वेग थोडा नव्हे; पण पोहत्या माशाला गांठण्यास तो अगदींच अपुरा आहे. शिवाय त्याच्याजवळ शिदोरी फक्त एका दिवसाच्या आसपास पुरेल इतकीच असते. तेवढ्या अवधींत सोल मासा न भेटल्यास तें मरतें.

मग हें कार्य सिद्धीस जातें कसें? ह्याचें उत्तर कर्न ह्यांनीं इ. स. १९७३ मध्यें प्रसिद्ध केलें, आणि आमच्या मतें ह्या सर्व हकीकतींतील अत्यंत मनोवेधक भाग तो हाच. त्यांनीं ह्या किड्याचीं अंडीं बारा तास उजेडांत व बारा तास अंधारांत अशा क्रमानें ठेविलीं, आणि कोणत्या वेळीं किती पिलें बाहेर पडतात हें मोजलें. तेव्हां असें आढळलें कीं, बहुतेक पिलें उजेड सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या कांहीं तासांतच निघतात. पुढें तींच अंडीं त्यांनीं अखंड अंधारांत ठेविलीं. आंत सूर्योदयाची कांहींच खूण नसतांहि नेहमींच्याच वेळीं पिलें बाहेर पडूं लागलीं. ह्याचा अर्थ असा कीं, वाळूच्या कणाला चिकटलेल्या त्या अंड्यांत काळ मोजण्याची योजना आहे, आणि ती पहाटेच्या वेळेशीं जुळविलेली आहे.

आतां सोलची दिनचर्या आठवावी. तो रात्रभर भटकतो, आणि पहाटे वाळूंत विसावतो. पिलूं जर संध्याकाळीं जन्मास आलें असतें तर त्याच्या वांट्याला आलेल्या वेळाचा मोठा भाग हालत्या माशामागें फुकट गेला असता. पहाटे जन्मल्यामुळें त्याला संपूर्ण दिवस मिळतो, आणि त्या दिवसभर यजमान एका जागीं निजलेला असतो. पिलाला वेग वाढवितां येत नाहीं. पण वेळ साधतां येते.

हें केवळ योगायोगानें घडत असेल अशी शंका एखाद्यास येईल. तिचें निरसन ह्याच किड्याच्या एका जवळच्या आप्तानें होतें. हॅलिबट नांवाच्या थंड समुद्रांतील प्रचंड चपट्या माशावर एंटोब्डेलाचीच दुसरी एक जात राहते. तिचीं अंडीं अंधार पडल्यावर फुटतात, असें कर्न ह्यांनीं इ. स. १९७४ मध्यें दाखविलें. हॅलिबट दिवसा शिकार करून रात्रीं तळाशीं विसावत असला पाहिजे असें ह्यावरून अनुमान निघतें. दोन भाऊ एकाच घराण्यांतले; परंतु ज्याच्या त्याच्या यजमानाच्या निजेप्रमाणें एकाचा जन्म सकाळीं, आणि दुसऱ्याचा रात्रीं.

ह्याशिवाय दुसरीहि एक युक्ति आहे. सोलच्या अंगावरील बुळबुळीत श्लेष्मा अंड्यांस लागला तर तयार झालेलें पिलूं वेळेची वाट न पाहतां बाहेर पडतें. यजमान दाराशींच आल्यावर मुहूर्त पाहत बसण्याचें कारण काय? आणि यजमान ओळखण्यांतहि त्याची चूक सहसा होत नाहीं. इ. स. १९६७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सोलचे खवले व इतर जातींच्या माशांचे खवले पिलांसमोर एकत्र ठेविले असतां, पिलें विशेषेंकरून सोलच्या खवल्यांवर जाऊन बसलीं. तेथें मासा नव्हता, त्याची आकृति नव्हती, हालचाल नव्हती. अर्थात् ही ओळख त्वचेंतील द्रव्यांवरूनच होत असली पाहिजे.

सोलच्या त्वचेला स्पर्श होतांच पिलूं आंकड्यांनीं तिला धरतें, आणि थोड्याच वेळांत पोहण्याचे केस असलेल्या पेशी अंगावरून टाकून देतें. ह्यापुढें त्याला पोहतां यावयाचें नाहीं. नाव जाळून किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैनिकासारखी त्याची स्थिति होते. परंतु प्रवास अजून संपलेला नाहीं. मासा वाळूंत पडलेला असल्यामुळें पिलाला प्रथम सांपडते ती त्याची वरची बाजू. आणि मोठ्या किड्यांची वस्ती तर खालच्या बाजूस. म्हणून तें चरत चरत माशाच्या डोक्याकडे सरकतें, तेथून कडा ओलांडून खालच्या पांढऱ्या बाजूस जातें, आणि तेथें आपल्या जातीच्या इतरांत येऊन मिळतें. तेथें वाढ पूर्ण झाली कीं पुन्हा अंडीं, पुन्हा वाळू, पुन्हा पहाट.

समुद्रांत पकडलेल्या सोल माशावर हे किडे बहुधा थोडेच असतात. जीं असंख्य अंडीं वाळूंत पडतात, त्यांतील बहुतेकांचीं पिलें यजमान न भेटतां नाश पावतात. अफाट पाणी हेंच माशाचें संरक्षण होय. परंतु मनुष्यानें मासा हौदांत कोंडला कीं हा हिशेब पार बदलतो. अंडीं पडतात तीं माशाच्या अंथरुणांतच, पिलूं निघतें तें यजमानाच्या शेजारींच, आणि जेथें शंभरांत एखादें वांचावयाचें तेथें पुष्कळ वांचतात. हौदांत ठेविलेल्या सोलवर हे किडे शेंकड्यांनीं वाढूं शकतात. मग त्वचा भरून येण्यापूर्वींच पुन्हा खाल्ली जाते, जखमा होतात, आणि त्यांत इतर रोगजंतु शिरतात.

हाच अनुभव अमेरिकेंत न्यू यॉर्क येथील मत्स्यालयांत मोठ्या प्रमाणावर आला. तेथील माशांवर आढळलेल्या ह्याच कुळांतील एका किड्याचें वर्णन मॅक्कॅलम ह्यांनीं इ. स. १९२७ मध्यें केलें. आज त्यास निओबेनेडेनिया मेलेनी म्हणतात. हा किडा सोलच्या किड्यासारखा एकनिष्ठ नाहीं. शंभराहून अधिक जातींच्या माशांवर तो आढळलेला आहे. तो डोळ्यांवरहि बसतो व त्यामुळें मासे आंधळे होतात. नायग्रेली व ब्रीडर ह्या शास्त्रज्ञांनीं इ. स. १९३४ मध्यें ह्या मत्स्यालयांतील माशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत सर्व जाती सारख्याच बळी पडत नाहींत, आणि कांहीं मासे एकदां ह्या दुखण्यांतून उठले म्हणजे त्यांच्या अंगीं प्रतिकारशक्ति येते, असें दिसून आलें.

जपानांत हा प्रश्न मत्स्यालयापुरता राहिला नाहीं, लोकांच्या उपजीविकेचा झाला. तेथें समुद्रांत जाळ्यांचे मोठे पिंजरे सोडून त्यांत 'बुरी' नांवाचा मासा विक्रीसाठीं वाढवितात. त्याच्यावरील बेनेडेनिया सेरिओली ह्या किड्याचें वर्णन यामागुटी ह्यांनीं इ. स. १९३४ मध्यें केलेलें होतें. पुढें पिंजऱ्यांतील मत्स्यशेती वाढली, तसा तो तिचा मोठा शत्रु होऊन बसला. तेथील लोक त्याला 'हादामुशी' म्हणजे त्वचेचा किडा म्हणतात. ह्याच्या अंड्यांना लांब तंतु असतात, आणि ते पिंजऱ्याच्या जाळ्यांत अडकून बसतात. म्हणजे ज्या जाळ्यानें मासा कोंडला, तेंच जाळें शत्रूच्या अंड्यांचा पाळणा होतें. मासे खाज सुटून जाळ्याला अंग घासतात, अन्न टाकतात, कृश होतात, आणि वेळीं उपाय न झाल्यास मरतात.

उपाय मात्र अगदीं साधा निघाला, आणि तो म्हणजे गोडें पाणी. समुद्रांतील ह्या किड्याला गोड्या पाण्यांत घातलें असतां पाणी त्याच्या पातळ त्वचेंतून आंत शिरतें; तो फुगतो, पांढरा पडतो, आणि कांहीं मिनिटांत गळून पडतो. खवले व मूत्रपिंडें असलेला मासा तितका वेळ तग धरतो. म्हणून पिंजऱ्यांतील माशांना थोडा वेळ गोड्या पाण्याचें स्नान घालतात. परंतु येथें एक मेख आहे. अंड्यांचें कवच बळकट असल्यामुळें जाळ्यावरील अंडीं ह्या स्नानानें मरत नाहींत. आज सर्व मासे स्वच्छ झाले, तरी कांहीं दिवसांनीं त्या अंड्यांतून नवी फौज निघते. म्हणून दुसरें स्नान केव्हां घालावयाचें ह्यालाच सर्व महत्त्व आहे. नवीं पिलें माशावर येऊन बसलेलीं असावींत, पण तीं मोठीं होऊन अंडीं घालूं लागलेलीं नसावींत, असा काळ साधला पाहिजे. त्यासाठीं अंडें किती दिवसांनीं फुटतें, पिलूं किती दिवसांनीं प्रौढ होतें, पाणी उष्ण असल्यास ह्यांत किती फरक पडतो, हें सर्व माहीत असावें लागतें. जाळीं वरचेवर बदलून वाळविणें व पिंजऱ्यांत माशांची दाटी न करणें हेहि उपाय ह्याच ज्ञानांतून निघाले. एखाद्या किड्याचीं अंडीं मोजीत बसणें हा रिकामपणाचा उद्योग आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं ह्याचा अवश्य विचार करावा.

वाचकांपैकीं कोणास आतां मासे खाण्याचीच भीति वाटूं लागली असेल, तर ती व्यर्थ आहे. हे किडे माशांच्याच त्वचेवर व कल्ल्यांवर जगणारे आहेत. मनुष्याच्या शरीरांत ते राहूं शकत नाहींत. उलट, आपल्या किनाऱ्यावरील माशांच्या कल्ल्यांवरहि अशा चपट्या किड्यांच्या अनेक जाती आहेत. ताज्या माशाचे कल्ले कापून समुद्राच्या पाण्यांत ठेवावे आणि भिंगाखालीं धीरानें पाहावें. एखादा लहानसा जीव बशीनें कल्ल्याला धरून अंग लांबवीत असलेला दिसण्याचा संभव आहे. प्राणिशास्त्राचें अध्ययन करणाऱ्या विद्यार्थ्यांनीं सुटींत कोंकणांत गेल्यावर हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

आरंभीं विचारलेला प्रश्न आम्ही वाचकांवर सोंपविला होता. आमच्यापुरतें म्हणावयाचें तर, एका दिवसाची शिदोरी घेऊन अफाट समुद्रांत उतरणाऱ्या त्या ठिपक्याएवढ्या जीवास आळशी म्हणण्यास आमची जीभ धजत नाहीं. परमेश्वरानें त्याला वेळेची जाणीव दिली, यजमानाची ओळख दिली, आणि जगण्याची मर्यादाहि घालून दिली. ती मर्यादा समुद्रांत पाळली जाते. ज्या ठिकाणीं मनुष्य आपल्या लाभासाठीं माशांची दाटी करतो त्या ठिकाणीं ती मोडते, आणि ती पुन्हा बसविण्याचा भारहि मग मनुष्यावरच येतो. तो भार उचलण्यास जें ज्ञान लागतें, तें पहाटे दिव्याखालीं बसून अंडीं मोजणाऱ्या एखाद्या चिकाटीच्या मनुष्यापासूनच आपणांस मिळतें.